थोरलीनं बसवलेला दात

दोन जावांनी मिळून एक दवाखाना चालवावा आणि तो नीट चालावा, यावर त्या गल्लीतल्या कुणाचाच विश्वास नव्हता. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असं समोरचा घड्याळवाला येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. पण दवाखाना चालला, आणि झकास चालला. खाली दवाखाना, वर घर, मध्ये दगडी जिना. दोघींच्या नवऱ्यांचा दातांशी संबंध सकाळी घासण्यापुरताच. थोरला भाऊ विमा कचेरीत होता, धाकटा शाळेत भूगोल शिकवायचा. सासूबाई दिवसभर खाली पेशंटांच्या बाकावर बसून कोण आलं, कोण रडलं, कोण न रडता गेलं याची नोंद ठेवायच्या, तीही तोंडी.

दवाखाना उभा केला थोरलीनं. मोडलेले, निखळलेले, हिरडीत घुसलेले दात म्हणजे तिचं खास काम. सायकलवरून पडलेला, पायरीवर आपटलेला, भांडणात ठोसा खाल्लेला, असा कुणीही असो, त्याला लोक सरळ तिच्याकडे आणून टाकायचे. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याच्या तोंडावर दुकानाचं शटर आपटलं तेव्हा त्याचा समोरचा अख्खा दात मुळासकट बाहेर आला होता. तो आला तो दात दुधाच्या ग्लासात घालूनच, कारण भाजी घेताना, ब्रेड घेताना, कुठंही उभी असली तरी थोरली लोकांना हेच पढवायची: दात निखळला तर पांढऱ्या टोकाला धरा, मुळाला बोट लावू नका, घासू नका, जमलं तर लगेच जागेवर बसवा, नाहीतर दुधात टाका आणि पळत सुटा. तिनं तो दात बसवला, बारीक तारेनं शेजारच्या दातांना बांधला, दोन आठवडे सांभाळला, पुढं मुळाचंही काम केलं. बेकरीवाला अजून गिऱ्हाइकांसमोर कडक टोस्ट मोडून दाखवतो.

अशा बाईला कुणाचा हेवा वाटायचं काही कारण नव्हतं. तरी वाटायचा. खरं सांगायचं तर धाकटी घरात आल्यापासून तिचा जळफळाट थांबलाच नव्हता.

धाकटी लहान मुलांच्या दातांचं वेगळं शिकून आली होती. ती आली तेव्हा थोरलीनं मोठ्या मनानं सांगितलं होतं, "मुलं सगळी तुझ्याकडे." मनातून तिला सुटल्यासारखंच वाटलं होतं, कारण मुलं चावतात, लाथा मारतात आणि त्यांच्या आया डॉक्टरपेक्षा जास्त बोलतात. पण धाकटीनं मागच्या अडगळीच्या खोलीला पिवळा रंग काढला, भिंतीवर बदकं रंगवली, आणि महिन्याभरात त्या खोलीतून रडण्याऐवजी हसू ऐकू यायला लागलं. दात किडलेली पोरं दात दाखवून हसत बाहेर यायची आणि पुन्हा कधी यायचं ते विचारायची. ती धाकटीला काकू डॉक्टर म्हणायची. थोरलीला काय म्हणायची? काहीच नाही. तिचा उपयोग वेगळा होता. "गप बस, नाहीतर मोठ्या डॉक्टर येतील," असं आया मुलांना दटावायच्या, आणि थोरलीनं ते पडद्याआडून स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

त्याचंही तिनं फार मनाला लावून घेतलं नसतं. पण तिची स्वतःची मुलगीसुद्धा त्याच पिवळ्या खोलीत पडीक असायची.

या मुलीला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती चालायची कमी आणि फिरायची जास्त. सहा वर्षांची होती. शाळेतून आली की दप्तर जिन्यात टाकून सरळ काकूकडे. काकूच्या उंच स्टुलावर बसून गरगर फिरायचं, काकूच्या पेशंटांना गोष्टी सांगायच्या, वेणीसुद्धा काकूनंच घालायची. "आईची वेणी ओढते," असं तिनं एकदा जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं. थोरली हसली. हसता हसता तिनं पोळीचा इतका बारीक तुकडा केला की तो खाण्यासारखा राहिला नाही.

मध्यंतरी एकदा भिंगरी थोरलीच्या खोलीत धावत आली होती. "आई, मला नवा दात आला." थोरलीचे दोन्ही हात तेव्हा एका म्हाताऱ्याच्या तोंडात होते. "छान हं," ती मान वर न करता म्हणाली. भिंगरी जरा वेळ तोंड उघडून उभी राहिली, मग गेली. थोड्या वेळानं पिवळ्या खोलीतून काकूचा आवाज आला, "बघू, बघू कुठला ते." थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण दात कुठला ते तिनंही नंतर कधी विचारलं नाही.

त्या दिवशी धाकटी कसल्याशा वर्गासाठी सकाळीच दुसऱ्या गावी गेली होती, संध्याकाळी यायची होती. शाळेला सुट्टी. थोरली मनातून खूश होती. आज लेक दिवसभर आपली, एवढंच तिला माहीत होतं. दुपारी दवाखाना जरा रिकामा झाला तेव्हा तिनं जिन्याखालून हाक मारली, "भिंगरे, खाली ये, माझ्याजवळ बस." भिंगरी आली. अर्थात गरगर फिरतच आली. शेवटच्या पायऱ्यांवर तिचा पाय सटकला आणि तोंड दगडावर आपटलं.

आधी आवाज आला, मग शांतता, मग किंकाळी. थोरली पोचली तेव्हा मुलीची हनुवटी लाल झाली होती, वरच्या ओठाखाली समोर एक भगदाड होतं आणि खालच्या पायरीवर दात पडला होता. वर्षानुवर्षं लोकांना पढवलेलं हाताला पाठ होतं. तिनं दात पांढऱ्या टोकाला धरून उचलला. मदतनीस बाई मागून धावत आल्या. "धाकट्या डॉक्टरांना फोन लावू का?" त्यांनी विचारलं. "लहान मूल आहे म्हणून म्हटलं."

"काही गरज नाही," थोरली म्हणाली. "सलाइन द्या."

तिनं दात धुतला, मुलीला खुर्चीत घेतलं, "डोळे मीट, माझा हात धर" म्हणाली आणि दात जागेवर दाबून बसवला. सगळं काही मिनिटांच्या आत. भिंगरीनं आईचा कोपर घट्ट पकडला होता. काकूचं नाव तिनं एकदाही घेतलं नाही. एवढ्या गडबडीत, एवढ्या रक्तातही थोरलीनं ही गोष्ट टिपून ठेवली.

तोवर सासूबाई दारात, त्यांच्यामागे सुट्टी म्हणून घरी असलेला नवरा. "बसवला?" नवऱ्यानं विचारलं. "बसवला," मदतनीस बाईंनीच उत्तर दिलं. सासूबाईंनी मोठा श्वास सोडला. "बघा. ती नाही म्हणून काय अडलं? शेवटी आईचाच हात," त्या म्हणाल्या. असं एखादं वाक्य कानावर पडावं म्हणून थोरली दोन वर्षं झुरत होती. ते आलं आणि तिचं मन अक्षरशः भरून आलं.

मग तिनं तार घेतली. नेहमीच्या सवयीनं तुकडा कापला आणि मुलीच्या दातांवर धरून पाहिला. तार दोन्हीकडून बाहेर आली. थोरलीनं ती पुन्हा धरली. शेजारचा दात बघितला, त्याच्या शेजारचा बघितला. सगळे बुटके, दुधासारखे पांढरे, एकमेकांपासून जरा सुटे. मग तिनं खालचा ओठ हळूच ओढला. खाली, मधोमध, करवतीसारख्या काठाचे दोन नवेकोरे रुंद दात उभे होते. नवा दात आला होता तो खाली. वरचा एकही अजून बदलला नव्हता.

तिनं दुधाचा दात परत बसवला होता.

दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे माहीत असतं. पक्का दात निखळला तर धावत जाऊन बसवायचा. दुधाचा निखळला तर मुकाट्यानं सोडून द्यायचा. त्याच्या मुळाशी हाडात पक्क्या दाताचा कोंब असतो, वरून दाबलं की तो कोंब दुखावतो, पू झाला तर आणखी बिघडतो. थोरलीलाही हे माहीत होतं. पण मुलं सगळी धाकटीकडे गेली होती, तिचे हात मोठ्यांच्या दातांना सरावले होते, आणि घाई कसली होती ते तिचं तिला पक्कं ठाऊक होतं.

आत्ता, याच क्षणी, तिनं तो काढायला हवा होता. दात सैल होता, चिमटीत आला असता. पण दारात सासूबाई उभ्या होत्या, मुलीनं तिचा कोपर धरला होता, नवरा कौतुकानं बघत होता. "काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही. तार जरा लांब झाली," थोरली म्हणाली. तिनं तार कापून आखूड केली आणि दात बांधून टाकला.

नंतर सगळे वर गेल्यावर तिनं मुलीचा एक्स-रे काढला. काढायची तशी गरज नव्हती, जे दिसणार ते तिला माहीत होतं. बुटक्या मुळाच्या अगदी टोकाला पक्का दात टेकून बसला होता. हाच दात मुलीला जन्मभर पुरायचा होता. ते चित्र तिनं पडद्यावरून पुसल्यासारखं घाईनं बंद केलं. संध्याकाळी करू, मुलीची झोप होऊ दे, सूज उतरू दे, अशी स्वतःला एकेक सबब देत ती पेशंट बघत राहिली. दुपारभर सासूबाई बाकावर येईल त्याला गोष्ट सांगत होत्या, आणि दर वेळी गोष्टीत थोरलीचा हात अधिकाधिक चपळ होत होता. बेकरीवाला मुद्दाम येऊन टोस्ट देऊन गेला. थोरलीला ते कौतुक गोड लागत होतं आणि घशाखाली उतरत नव्हतं.

संध्याकाळी धाकटी आली. पिशवी खांद्यावरून उतरायच्या आत भिंगरी तिच्यासमोर तोंड वासून उभी. "काकू, माझा दात पडला आणि आईनं परत बसवला."

धाकटी हसतच वाकली. तिनं मुलीची हनुवटी वर केली, बघितलं, आणि तिचं हसू होतं तसंच राहिलं, फक्त डोळे हसायचे थांबले. "अरे वा," ती म्हणाली. मग उभी राहून तितक्याच सहज आवाजात, "वहिनी, जरा खाली येता? वर्गात एक नवीन सामान मिळालंय, दाखवते."

खाली पिवळ्या खोलीत दार लावल्यावर तिनं पिशवी ठेवली. सामान काही काढलं नाही.

"काढायला हवा, वहिनी."

"माहीत आहे."

"कधी कळलं?"

थोरलीला खोटं बोलता आलं असतं. "तार बांधताना," ती म्हणाली.

 धाकटीनं काहीतरी बोलावं, फाडफाड बोलावं, असं थोरलीला मनापासून वाटत होतं. म्हणजे भांडता आलं असतं. पण धाकटी हात धुवायला वळली. "मी काढते. तुम्ही तिला मांडीवर घेऊन बसा. आईच्या मांडीवर मुलं कमी घाबरतात."

वर जाऊन तिनंच सगळ्यांना सांगितलं, "दात धरेल असं दिसत नाही. आजच काढलेला बरा." कारण सांगितलं नाही, थोरलीकडे बघितलंही नाही. सासूबाईंचा चेहरा पडला. "दुपारपासून चांगला बसलाय की," त्या म्हणाल्या. "तू आलीस आणि लगेच धरेनासा झाला?"

"तसं असतं कधीकधी, आई," धाकटी म्हणाली.

थोरली त्या जिन्यावर उभी होती. बोलायची हीच वेळ होती. ती बोलली नाही.

खाली पिवळ्या खोलीत दात काढायला काहीच वेळ लागला नाही. त्रास झाला तो सुईचा. भिंगरी आईच्या मांडीवर होती, काकूवर तिचा भरवसा होता, आणि त्या भरवशानं उघडलेल्या तोंडात काकूनं सुई टोचली. मुलीनं काकूचं बोट कचकन चावलं. दात निघाला, कापसाची घडी तोंडात गेली, आणि तिच्या आडून रडत रडत शब्द आले. "काकू वाईट आहे. आईनं बसवलेला दात काढला. मला काकू नको." ती वळली आणि आईच्या गळ्यात पडली. दोन्ही हात, दोन्ही पाय, सगळं आईभोवती.

थोरलीच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. लपवण्यासारखं त्यात काय आहे? दोन वर्षं जे हवं होतं ते तिच्या कुशीत हुंदके देत होतं. दारातून सासूबाई म्हणाल्या, "एकीनं बसवायचा, दुसरीनं उपटायचा. पोरीचे हाल नुसते." तेही तिला ऐकायला बरं वाटलं. तिनं मुलीच्या केसांवरून हात फिरवला आणि सहज मान वर केली.

धाकटी बेसिनशी पाठमोरी उभी होती. बोट धुवत होती. रक्त केव्हाच थांबलं होतं, तरी नळ चालूच होता. बेसिनवरच्या आरशात तिचा चेहरा दिसत होता, आणि तिला दिसत होती आईला बिलगलेली भिंगरी. ओठ घट्ट मिटलेले, नजर खाली घेतली की पुन्हा आपोआप वर येणारी. थोरलीनं तो चेहरा लगेच ओळखला. तो तिचाच होता. पिवळ्या खोलीच्या दारावरून जाताना ती रोज तो घेऊन जायची.

"भिंगरे," ती म्हणाली. "काकूनं काही वाईट केलं नाही. चूक माझी झाली."

नवरा म्हणाला, "अगं, जाऊ दे आता."

"जाऊ दे नाही. तो दुधाचा दात होता. दुधाचा दात परत बसवायचा नसतो, आत पक्का दात असतो त्याला लागतं. मी बसवला. तार बांधताना मला कळलं, आणि मी गप्प राहिले. संध्याकाळपर्यंत गप्प राहिले. काकूनं तो काढला म्हणून निदान तेवढ्यावर थांबलं."

 सासूबाईंनी एकदा थोरलीकडे, एकदा धाकटीकडे बघितलं. "आणि तू स्वतःच्या अंगावर घेतलंस होय?" त्यांनी धाकटीला विचारलं. इतका मऊ आवाज त्या काढू शकतात हे थोरलीला माहीतच नव्हतं. खरं बोलली थोरली, आणि हार पडला धाकटीच्या गळ्यात. त्याही परिस्थितीत थोरलीच्या काळजाला ते चरचरलंच.

भिंगरीनं रडणं थांबवलं होतं. कापसाची घडी हातात काढून तिनं आईच्या तोंडाकडे निरखून बघितलं.

"तुला माहीत नव्हतं?"

"घाईत माझ्या लक्षात आलं नाही."

"काकूला माहीत होतं?"

"हो."

"मग काकूला विचारायचंस ना."

एवढं बोलून ती मांडीवरून घसरून खाली उतरली, बेसिनपाशी गेली आणि काकूचं चावलेलं बोट धरून बघू लागली. थोरलीची मांडी रिकामी झाली. मुलं बसतात त्या छोट्या खुर्चीत ती तशीच अवघडून बसून राहिली.

"पक्का दात नीट येईल ना गं?" तिनं विचारलं.

धाकटीनं नळ बंद केला. पेशंटांच्या आयांना ती काय सांगते ते थोरलीनं पडद्याआडून कितीदा ऐकलं होतं. काही होणार नाही, तुम्ही निर्धास्त घरी जा. तसं काहीतरी आता येईल म्हणून ती वाट बघत राहिली.

"आज नाही सांगता येणार, वहिनी," धाकटी म्हणाली. "कदाचित काहीच होणार नाही. कदाचित डाग पडेल, वाकडा येईल, उशिरा येईल. वर्षभर तरी लक्ष ठेवायला लागेल."

वर्षभर लक्ष ठेवायचं म्हणजे दर थोड्या दिवसांनी ते तोंड उघडून बघायचं. ते कोण बघणार, हा विचार तेवढ्यातही थोरलीच्या मनात आला. तिनं तो गिळला. सहज गेला नाही.

"तूच बघत जा," ती म्हणाली. "मला सांगत जा फक्त."